सॉलिड ऑक्साइड फ्युएल सेलमध्ये वायू कुठून कुठे न्यायचा? प्रकल्प करणाऱ्या नवख्यांसाठी वाटाड्या

लोणेरे, आंबव, रत्नागिरी किंवा कणकवलीच्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयात तुम्ही शेवटच्या वर्षाला किंवा एम.टेक.ला असाल, आणि ‘वायुप्रवाहाच्या मांडणीचा सॉलिड ऑक्साइड फ्युएल सेलच्या कामगिरीवर परिणाम’ असा विषय पदरात पडला असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. हा सेल म्हणजे तापलेल्या सिरॅमिक थराच्या एका बाजूला इंधन आणि दुसऱ्या बाजूला हवा देऊन थेट वीज काढणारं यंत्र, आणि मांडणी म्हणजे हे दोन वायू एकमेकांच्या तुलनेत कोणत्या दिशेने वाहतात ते. मी हा प्रकल्प केला आहे आणि त्यानंतर धाकट्या मुलांना करतानाही पाहिलं आहे. अडखळण्याच्या जागा दर वर्षी त्याच असतात, म्हणून त्या क्रमाने लिहून ठेवतो.

सगळ्यात पहिली अडचण डोक्यातच असते. हीट एक्स्चेंजरच्या धड्यात आपण शिकलेलो असतो की काउंटर-फ्लो (दोन प्रवाह उलट दिशांनी) सगळ्यांत चांगला. तोच निष्कर्ष इथे आणून चिकटवला जातो. पण हीट एक्स्चेंजरमध्ये उष्णता एका प्रवाहातून दुसऱ्यात फक्त जाते. फ्युएल सेलमध्ये ती आतच तयार होते, आणि नेमकी कुठे तयार होणार हे प्रवाहाच्या मांडणीवरच ठरतं. हा फरक पक्का बसला की पुढचं सगळं सोपं जातं.

आधी काय जमवायचं

- साधा लॅपटॉप. एका मितीच्या मॉडेलला ८ जीबी मेमरी भरपूर झाली.
- पायथन, त्यात नमपाय आणि सायपाय. वायूंच्या एन्थाल्पी (त्यांच्यातली उष्णता-ऊर्जा) आणि विशिष्ट उष्णतेसाठी कँटेरा. हे सगळं मोफत मिळतं. मॅटलॅबचं लायसन्स असेल तर तेही चालेल.
- त्रिमितीय काम करायचंच असेल तर ओपनफोम हे प्रवाहाचं सॉफ्टवेअर. मात्र ते शेवटी.
- शोधगंगेवरचे (विद्यापीठांच्या प्रबंधांचा ऑनलाइन साठा) दोन-तीन प्रबंध. कोलकात्याच्या केंद्रीय काच व मृत्तिका संशोधन संस्थेत या सेलवर बरीच वर्षं काम चालू आहे, तिथले शोधनिबंध मिळवा.
- प्रत्यक्ष चाचणी करणार असाल तर विभागप्रमुखांची लेखी परवानगी, गॅस पुरवठादाराचं शुद्धतेचं प्रमाणपत्र, हायड्रोजन गळती ओळखणारा डिटेक्टर आणि सिलिंडर भिंतीला बांधायची साखळी.

१. सेलच्या दोन टोकांचा हिशेब कागदावर मांडा

कॅथोडवर, म्हणजे हवेच्या बाजूच्या थरावर, हवेतला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेतो आणि आयन होऊन झिर्कोनियाच्या थरातून (यिट्रिया घातलेला झिर्कोनिया, म्हणजे वायएसझेड) पलीकडे जातो. ॲनोडवर, म्हणजे इंधनाच्या बाजूला, तो हायड्रोजनला भेटतो, पाणी तयार होतं, इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून फिरून येतात. एवढं सगळ्यांना माहीत असतं. आता नर्न्स्ट समीकरणात (वायूंच्या प्रमाणावरून जास्तीत जास्त व्होल्टेज सांगणारं) आकडे घाला.

८०० °से. तापमान, ३ टक्के वाफ असलेला हायड्रोजन आणि साधी हवा घेतली, तर इंधनाच्या तोंडाशी नर्न्स्ट व्होल्टेज येतं सुमारे १.१० व्होल्ट. ८० टक्के हायड्रोजन वापरून झाल्यावर, म्हणजे इंधन बाहेर पडतं तिथे, तेच उतरून ०.८८ व्होल्टच्या आसपास येतं. पण सेलच्या दोन्ही बाजूंना धातूची प्लेट असल्यामुळे प्रत्यक्ष व्होल्टेज सगळीकडे जवळपास एकच राहतं. समजा ते ०.७ आहे. मग तोंडाशी करंट ढकलायला ०.४० व्होल्ट शिल्लक आहेत, आणि शेवटाकडे जेमतेम ०.१८. तापमान सगळीकडे सारखं असतं तर तोंडाशी शेवटाच्या दुपटीहून जास्त करंट वाहिला असता.

आणि तापमान सारखं नसतंच. वायएसझेडचा रोध तापमान वाढलं की झपाट्याने पडतो. ७५० वरून ८५० अंशांना गेलं की तो निम्म्याहूनही खाली येतो. म्हणजे दोन गोष्टी करंट वाटतात: इंधन कुठे भरपूर आहे आणि सेल कुठे तापलेला आहे. दोन्ही साधारण तेवढ्याच ताकदीच्या आहेत. प्रवाहाची मांडणी ठरवते की या दोघी एकाच टोकाला येणार की समोरासमोरच्या टोकांना.

२. तिन्ही मांडण्या याच नजरेने बघा

को-फ्लोमध्ये इंधन आणि हवा एकाच बाजूने शिरतात. दोन्ही तोंडाशी गार, पुढे जाता जाता तापत जातात. म्हणजे जिथे इंधन भरपूर तिथे सेल गार, आणि जिथे इंधन संपत आलं तिथे सेल गरम. दोन परिणाम एकमेकांना बऱ्याच अंशी खोडतात, करंट बऱ्यापैकी सारखा पसरतो आणि तापमान टोकापर्यंत शांतपणे चढत जातं. सर्वांत गरम जागा बाहेर पडण्याच्या टोकाला.

काउंटर-फ्लोमध्ये हवा उलट्या बाजूने येते. संपूर्ण सेलची उष्णता गोळा करून ती बाहेर पडते नेमकी इंधनाच्या तोंडाशी. इंधनही तिथेच भरपूर आणि तापमानही तिथेच जास्त. करंट तिथे गोळा होतो, करंट वाढला की उष्णता वाढते, उष्णता वाढली की रोध आणखी घटतो. दुसऱ्या टोकाला इंधनही थोडं आणि हवाही गार, त्यामुळे तो भाग जवळजवळ आळशी पडून राहतो. तरीही एकूण व्होल्टेज को-फ्लोपेक्षा थोडं जास्त मिळतं, कारण ज्या भागातून जास्त करंट जातो तोच भाग कमी रोधाचा असतो. किंमत मोजावी लागते तापमानाच्या तीव्र उतारात. ॲनोडच्या निकेल-वायएसझेडचं प्रसरण वायएसझेडपेक्षा जास्त (साधारण १२ ते १३ विरुद्ध १०.५, दर केल्विनला दशलक्षांश भागांत), त्यात असा उतार मिळाला तर थरांमध्ये ताण चढतो, काचेचं सील तडकतं.

क्रॉस-फ्लोमध्ये हवा इंधनाला काटकोनात जाते. इथे एका रेषेवरचा आलेख पुरत नाही, पूर्ण चौकोनाचा नकाशा लागतो. इंधन शिरतं आणि हवा बाहेर पडते तो कोपरा सर्वांत गरम. त्याच्या समोरचा कोपरा, हवा शिरते आणि इंधन बाहेर पडतं तो, सर्वांत मंद. मग उद्योगात ही मांडणी का आवडते? कारण चार बाजूंना चार मॅनिफोल्ड (वायू प्लेटवरच्या वाहिन्यांत वाटणारे मुख्य मार्ग) बसवता येतात, इंधन आणि हवेचे मार्ग एकमेकांत अडकत नाहीत, प्लेट करायला सोपी पडते. कामगिरीच्या आलेखात ती बहुतेक वेळा मधोमध येते. पण कोपऱ्यातला ताण आलेखात दिसत नाही. अहवालात त्याचा वेगळा उल्लेख करा.

३. मॉडेलला हात लावण्याआधी एक हिशेब हाताने करा

हा भाग मुलं गाळतात आणि नंतर महिनाभर चुकीच्या आकड्यांमागे धावतात. म्हणून इथे सविस्तर करून दाखवतो.

९ सेमी × ९ सेमी सक्रिय क्षेत्रफळाचा सेल घ्या, म्हणजे ८१ चौ. सेमी. करंट डेन्सिटी ०.५ अँपिअर प्रति चौ. सेमी. एकूण करंट ४०.५ अँपिअर. फॅरडेच्या नियमाने दर अँपिअरला मिनिटाला सुमारे ७ मिलि हायड्रोजन लागतो (० °से. आणि १ वातावरण दाबाला मोजलेला). म्हणजे २८० मिलिच्या थोडं वर. ८० टक्के वापर धरला तर सुमारे ३५० मिलि पुरवायला हवा. हवेसाठी दर अँपिअरला १६.६ मिलि. म्हणजे ६७० मिलि, आणि हवेतला २० टक्केच ऑक्सिजन वापरायचा ठरवलं तर सुमारे ३.४ लिटर.

आता उष्णता. ८०० अंशांना हायड्रोजनच्या ज्वलनाची सगळी एन्थाल्पी विजेत उतरली असती तर व्होल्टेज सुमारे १.२९ असतं. सेल चालतोय ०.७ ला. उरलेल्या ०.५९ ला ४०.५ ने गुणा: जवळपास २४ वॅट उष्णता. वीज मिळते २८ वॅट. म्हणजे विजेइतकीच उष्णता सेलमधून बाहेर काढायची आहे, आणि ती काढायला मुख्यतः हवाच आहे.

३.४ लिटर हवेवर ही उष्णता टाकली तर हवा अडीचशे अंशांच्या आसपास तापते. सेलच्या दोन टोकांत साधारण १०० अंशांपेक्षा जास्त फरक नको, असं डिझाइन करणारे धरून चालतात. तेवढ्यात बसवायचं तर हवा ९ लिटरपर्यंत न्यावी लागते. म्हणजे ऑक्सिजनचा वापर ७ टक्क्यांवर येतो. हवा इथे ऑक्सिजन देण्यापेक्षा थंड करण्याचं काम जास्त करते. मांडणीची चर्चा सुरू करण्याआधी हे नातं तुमच्या हातात असलं पाहिजे, कारण हवा कितीही वाढवू दिली तर तिन्ही मांडण्यांतला फरक हळूहळू पुसला जातो. आणि हवा फुकट मिळत नाही, ब्लोअरची वीज त्याच सेलमधून जाते.

४. काय स्थिर धरणार ते लिहून ठेवा

प्रकल्पातला सर्वांत मोठा सापळा हाच. एक मुलगा तिन्ही मांडण्या ०.७ व्होल्टला चालवतो आणि करंटची तुलना करतो. दुसरी मुलगी तिन्ही एकाच सरासरी करंट डेन्सिटीला चालवते आणि व्होल्टेजची तुलना करते. दोघांचे निष्कर्ष जुळत नाहीत आणि दोघंही स्वतःच्या जागी बरोबर असतात. व्होल्टेज स्थिर ठेवून इंधनाचा पुरवठाही स्थिर ठेवला तर ज्या मांडणीत करंट वाढतो तिथे इंधनाचा वापरही वाढतो. मग फरक मांडणीचा की वापराचा, ते सांगताच येत नाही.

माझा सल्ला स्पष्ट आहे. सरासरी करंट डेन्सिटी, इंधनाचा वापर, हवेचं गुणोत्तर (गरजेच्या किती पट हवा) आणि दोन्ही वायूंचं शिरतानाचं तापमान, हे चार स्थिर ठेवा. मोजा ते व्होल्टेज, सेलचं कमाल आणि किमान तापमान, दर सेंटिमीटरला तापमानाचा कमाल उतार, आणि करंट डेन्सिटीचं कमाल-किमान. त्यानंतर वेगळी दुसरी तुलना करा: कमाल तापमान तिन्हींत एकच ठेवा आणि त्यासाठी हवा किती लागते ते पाहा. ही दुसरी तुलना फार कमी जण करतात, पण प्रत्यक्ष स्टॅक (एकावर एक रचलेले सेल) बांधणाऱ्याला तीच हवी असते.

५. मॉडेल एका मितीपासून सुरू करा

वाहिनी लांबीने ५० ते १०० तुकड्यांत वाटा. प्रत्येक तुकड्यासाठी चार गोष्टी सोडवा: इंधनातल्या घटकांचा हिशेब, हवेचा हिशेब, घन भागाचं तापमान, आणि स्थानिक करंट. व्होल्टेज एकच धरून सरासरी करंट जुळेपर्यंत ते वरखाली करा.

को-फ्लो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत सोडवता येईल असं वाटतं, पण घन भागातून उष्णता मागेही वाहते, म्हणून तसं करू नका. काउंटर-फ्लोमध्ये तर हवेची सुरुवात दुसऱ्याच टोकाला आहे. दोन्हीसाठी एकच पुनरावृत्तीची पद्धत लिहा आणि फक्त हवेची दिशा बदला. वेगवेगळे दोन प्रोग्राम लिहिले की फरक प्रोग्रामचा की मांडणीचा, ते कळायचं नाही. आधी सगळीकडे एकच तापमान धरून उत्तर काढा, तेच पुढच्या फेरीची सुरुवात म्हणून द्या. तापमान दर फेरीला पूर्ण न बदलता ०.३ च्या आसपासच्या गुणकाने हळू बदला. काउंटर-फ्लो हट्टी असतो, तिथे हा गुणक आणखी उतरवावा लागतो.

त्रिमितीय सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी एक सूचना: टर्ब्युलन्स मॉडेल बंद ठेवा. १ मिमी खोल आणि ३ मिमी रुंद अशा १८ वाहिन्यांतून वरची ९ लिटर हवा ८०० अंशांना गेली तरी रेनॉल्ड्स अंक शे-सव्वाशेच्या आसपास राहतो. प्रवाह पूर्ण शांत आहे. इंधनाकडे तर त्याहून शांत.

प्रत्येक उत्तरावर दोन तपासण्या केल्याशिवाय आलेख काढू नका. वापरलेला हायड्रोजन फॅरडेच्या हिशेबाशी जुळतो का, आणि आत आलेली एन्थाल्पी वजा बाहेर गेलेली ही वीज अधिक उष्णतेचा ऱ्हास यांच्या बेरजेइतकी आहे का.

६. बेंचमार्कशी ताडून बघा

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या कार्यक्रमात १९९० च्या दशकात याच कामासाठी एक सामाईक उदाहरण ठरवलं गेलं. १०० मिमी × १०० मिमी सेल, दाब १ बार, दोन्ही वायू ९०० °से. ला शिरतात, इंधनाचा वापर ८५ टक्के, हवेचं गुणोत्तर ७, सरासरी करंट डेन्सिटी ३००० अँपिअर प्रति चौ. मीटर. पहिल्या चाचणीत इंधन ९० टक्के हायड्रोजन आणि १० टक्के वाफ. यात व्होल्टेज ०.७ च्या जवळ यायला हवं, काउंटर-फ्लोचं किंचित वर. को-फ्लोमध्ये करंट डेन्सिटीचं कमाल सरासरीपेक्षा थोडंच वर असतं, काउंटर-फ्लोमध्ये ते सरासरीच्या दुपटीच्याही पुढे जातं. तुमचं मॉडेल हे चित्र दाखवत नसेल तर पुढे जाऊ नका.

७. वाहिन्यांत वायू सारखा वाटला जातो का?

मांडणीवर पानंच्या पानं लिहिली जातात आणि मॅनिफोल्डवर दोन ओळी. माझ्या मते हे उलटं हवं. ८५ टक्के सरासरी वापरावर एखाद्या वाहिनीला १५ टक्के कमी इंधन मिळालं, आणि करंट तेवढाच राहिला, तर तिथला वापर थेट १०० टक्के होतो. तिच्या टोकाशी हायड्रोजन उरत नाही, निकेलचं पुन्हा ऑक्साइड होतं, ते फुगतं आणि सेल चिरतो. मांडणी को-फ्लो होती की काउंटर, याला मग अर्थ राहत नाही.

पोफळीच्या बागेत पाटाने पाणी सोडताना काय करतात ते आठवा. मुख्य पाट ऐसपैस ठेवतात आणि प्रत्येक आळ्याकडे जाणारं तोंड लहान, नाहीतर पहिल्या चार झाडांतच पाणी जिरतं. मॅनिफोल्डचा नियम तोच: मुख्य मार्गातला दाबाचा ऱ्हास वाहिनीतल्या ऱ्हासापेक्षा खूप कमी हवा. दोन्ही आकडे काढा, त्यांचं गुणोत्तर अहवालात द्या.

८. नैसर्गिक वायू घ्यायचा असेल तर

दाभोळला एलएनजी टर्मिनल आहे, तेव्हा ‘कोकणात नैसर्गिक वायूवर चालणारा सेल’ हा पुढचा विस्तार बहुतेकांना सुचतो. चांगला आहे, पण चित्र बदलतं. त्या वायूतल्या मिथेनची वाफेशी होणारी प्रक्रिया (रिफॉर्मिंग) उष्णता शोषून घेते (२५ °से. ला दर मोलला २०६ किलोज्यूल), आणि ती इंधनाच्या तोंडाशीच भराभर घडते. को-फ्लोमध्ये तिथे आधीच दोन्ही वायू गार असतात, त्यात हा खड्डा पडतो. काउंटर-फ्लोमध्ये गरम हवा तो खड्डा थोडा भरून काढते, पण लगेच पुढे तापमान उसळतं. म्हणून मिथेनचा काही भाग बाहेरच रिफॉर्म करून देतात. बेंचमार्कच्या दुसऱ्या चाचणीत ३० टक्के रिफॉर्म झालेला वायू याचसाठी आहे. हायड्रोजनवर काढलेला निष्कर्ष मिथेनला लावू नका.

आणि घरगुती सिलिंडर जोडून बघायचा मोह टाळा. वास यावा म्हणून त्यात मर्कॅप्टन घातलेलं असतं. त्यातलं गंधक निकेलला विषासारखं भिनतं.

९. प्रत्यक्ष चाचणी, आणि आपली हवा

बटण सेलवर (नाण्यासारखा छोटा गोल चाचणी सेल) प्रवाहाची मांडणी तपासता येत नाही, हे आधी लक्षात घ्या. तिथे नळीतून वायू सरळ सेलवर आदळतो आणि भट्टी सगळं तापमान सारखं करून टाकते. किमान ५ सेमी × ५ सेमीचा, वाहिन्या असलेला सेल हवा, आणि हवेच्या वाहिनीच्या लांबीवर थर्मोकपल हवेत. तरीही भट्टीच्या भिंतींमधून होणारं विकिरण बराच फरक झाकतं. तेव्हा भट्टीतल्या आकड्यांची तुलना उष्णता न गमावणाऱ्या मॉडेलशी करू नका. मॉडेलमध्ये भट्टीची भिंत घाला.

हायड्रोजनचा सिलिंडर डाव्या आट्याचा असतो, त्याला दुसरा रेग्युलेटर जोर लावून बसवू नका. पावसाळ्यात वीज जाते हे गृहीत धरूनच बांधणी करा. भट्टी गरम असताना इंधन बंद पडलं तर हवा ॲनोडपर्यंत पोचते. नायट्रोजनमध्ये थोडा हायड्रोजन मिसळलेला सिलिंडर वेगळा जोडून ठेवा, आणि वीज गेली की आपोआप उघडेल असा व्हॉल्व्ह बसवा. नोंदी घेणाऱ्या संगणकाला आणि कंट्रोलरला यूपीएस द्या.

दमटपणा दोन ठिकाणी त्रास देतो. पहिलं, बबलर, म्हणजे हायड्रोजन पाण्यातून नेऊन त्यात वाफ मिसळणारी बाटली. पुस्तकात ‘३ टक्के वाफ’ लिहिलेली असते, ती २५ अंशांच्या पाण्याची. मे महिन्यात प्रयोगशाळा ३० अंशांवर असेल तर हायड्रोजनमध्ये ४.२ टक्के वाफ जाते आणि ओपन सर्किट व्होल्टेज (करंट न काढतानाचं) सुमारे १६ मिलिव्होल्ट खाली येतं. सील गळतंय असं समजून मुलं सेल उघडतात. आधी बबलरचं तापमान बघा.

दुसरं, कॅथोडची हवा. २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेला हवेत ३ टक्क्यांहून जास्त वाफ असते. फेरिटिक पोलादाची प्लेट आणि स्टेनलेसच्या नळ्या या वाफेच्या सान्निध्यात क्रोमियम सोडतात. ते ऑक्सिहायड्रॉक्साइडच्या रूपात वायूबरोबर वाहून कॅथोडवर बसतं आणि त्याचा रोध वाढवतं. तापमान जास्त तिथे हे जास्त, म्हणजे काउंटर-फ्लोची इंधनाच्या तोंडाजवळची गरम जागा आणि क्रॉस-फ्लोचा तो कोपरा आधी थकतात. किनाऱ्याजवळ हवेत मीठही असतं, त्यासाठी बारीक फिल्टर लावा. हवा सिलिका जेलमधून सुकवत असाल तर हिशेब करा: मिनिटाला ९ लिटर हवेतून तासाला १४ ग्रॅमच्या आसपास पाणी निघतं. एक किलो जेल जेमतेम दिवसभर पुरते. दीर्घ चाचणी जून ते सप्टेंबरमध्ये लावायची असेल तर दोन नळकांडी बसवा, एक चालू असताना दुसरं ओव्हनमध्ये सुकेल अशी. प्रत्येक नोंदीशेजारी त्या वेळची खोलीतली आर्द्रता, बबलरचं तापमान आणि जेलचा रंग लिहा. चाचणी एका मांडणीवर ऑगस्टमध्ये आणि दुसरीवर डिसेंबरमध्ये झाली असेल, तर दोन्हींतला फरक मांडणीचा की हवेचा, ते याच तीन रकान्यांतून सांगता येतं.